गुआन लीयिंगची नक्कल

आमच्या कापडगिरणीच्या रंगखात्यात तान शियुरोंग नावाच्या बाई होत्या. हात मनगटापर्यंत निळे, उंची बेताची, जीभ मात्र मुळीच बेताची नाही. नवरा मेंग माझा दोस्त, म्हणून त्या माझ्या वहिनी. या बाई दोन वर्षं दुसऱ्याच कुणीतरी होऊन राहिल्या होत्या, तेही सरकारी पगारावर, असं सांगितलं असतं तर कुणाला पटलं नसतं.

वेडबीड काही नव्हतं, नोकरी होती. एकोणिसाव्या वर्षी वहिनी आमच्या शांदोंग प्रांताच्या टेबल टेनिस संघात गेल्या, त्या स्वतःचा सणसणीत फटका घेऊन. तेव्हा ल्याओनिंगची गुआन लीयिंग सगळ्यांना लोळवत होती. तीन वर्षं प्रांताची विजेती, एकदा देशाची. प्रशिक्षक वहिनींना म्हणाले, "तुझा फटका ठेव पेटीत. आजपासून तू गुआन लीयिंग." आमच्याकडे हे चालतंच. प्रतिस्पर्धी काही आपल्याकडे सरावाला येत नाही, मग घरातच एक तयार करायचा.

लीयिंगचा खेळ ज्याने पाहिला त्याच्या अंगावर काटा यायचा. ती टेबलापासून पाच पावलं मागे उभी राही आणि चेंडू खालून छाटून परत धाडी. स्वतः कधी मारायची नाही. तुम्ही जीव खाऊन मारा, चेंडू परत यायचा. पण जिवंत गेलेला मेलेला होऊन यायचा. दहाव्या-अकराव्या फटक्याला समोरच्याचाच धीर सुटायचा.

वहिनींनी तिची फिल्म इतक्या वेळा पाहिली की फिल्म झिजली. खेळ आला, मागोमाग चाल आली, खोकला आला. शेवटी लीयिंगला न आवडणारं वांगंही वहिनींना आवडेनासं झालं. ते आवडत नाही हे फिल्ममध्ये नव्हतं, नंतर कळलं. एका स्पर्धेत खुद्द लीयिंगने वहिनींना पाहिलं. बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "बाई गं, मी अशी चालते?" त्याच स्पर्धेत वहिनींवर सराव केलेल्या आमच्या संघातल्या मुलीने तिला हरवलं. त्या हिवाळ्यात लीयिंगची बस बर्फावरून दरीत गेली.

वहिनींनी बॅट सोडली. तरी अंगातलं सगळं जायला चार महिने लागले. मेंग सांगायचा, "सकाळी डोळे उघडले की आधी विचारायचो, कोण आहेस? शिवी आली की समजायचं, बायको."

तेरा वर्षांनी, एका रविवारी दुपारी, एक म्हातारा गिरणीच्या दारात आला. काखेत टॉवेलमध्ये गुंडाळलेली बॅट. ल्याओनिंगातल्या अन्शानच्या पोलादभट्टीवरचा निवृत्त कामगार, लीयिंगचा बाप.

"मी तिला मारायला शिकवलं होतं," तो वहिनींना म्हणाला. "ती मागे जाऊन उभी राहायला लागली. मी भेकड म्हणालो. नंतर तिचा एकही सामना पाहिला नाही. मला एक गेम खेळायचाय. तिच्याशी."

"काका, ती नाही आता," वहिनी म्हणाल्या.

"माहीत आहे. म्हणून तर तुझ्याकडे आलो."

गिरणीच्या खेळघराची किल्ली माझ्याकडे असे. मेंगने मला बाजूला घेतलं. "खेळघराची किल्ली हरवली म्हण."

"म्हाताऱ्याने ती माझ्या कमरेला पाहिलीय."

"मग तूच सांग, आत ही जाईल, बाहेर कोण येईल?"

वहिनींनी ऐकलं. "कुणी का येईना," त्या म्हणाल्या, "तुझे मोजे ती धुणार नाही, एवढं नक्की." आणि त्यांनी बॅट उचलली.

गुण मोजायला मी. पहिले चार चेंडू वहिनी वहिनींसारख्याच खेळल्या. पाचव्याला त्या पाच पावलं मागे गेल्या, आणि चेंडूचा आवाज बदलला. टप्पऐवजी नुसतं दबकं काहीतरी, रजईआडून दार वाजवल्यासारखं. म्हातारा मारत होता, चेंडू मरून येत होता. आणि दर फटक्यानंतर वहिनी डोकं खाली घालून किंचित वाकत होत्या. हे मी पहिल्यांदाच पाहत होतो.

तेव्हा गेम एकवीसचा असे. वीस-वीस झाले. दोन गुणांनी पुढे गेल्याशिवाय गेम संपत नाही, आणि म्हाताऱ्याला तो संपवायचाच नव्हता. स्वतः पुढे गेला की पुढचा चेंडू मुद्दाम जाळ्यात घाली. वहिनी पुढे गेल्या की जीव तोडून एक गुण काढी. चोवीस-चोवीस. सव्वीस-सव्वीस. त्याचा चेहरा जांभळा पडलेला.

"थकलीस का, यिंग?" त्याने विचारलं.

"तुम्ही थकलात, बाबा," वहिनी म्हणाल्या. अस्सल अन्शानच्या बोलीत.

मेंग भिंतीला टेकला. "रोंग," तो बायकोला हळूच म्हणाला, "घरी वाफवलेले बन गार होतायत." वहिनींनी वळून पाहिलं नाही.

अठ्ठावीस-सत्तावीस. वहिनींचा एक गुण बाकी. म्हाताऱ्याने मारलं, त्यांनी छाटलं. पुन्हा मारलं, पुन्हा छाटलं. म्हाताऱ्याचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. गेम थांबवला नाही तर तो टेबलावरच जाईल, हे मलासुद्धा दिसत होतं. आणि मागे उभं राहणाऱ्याच्या खेळात थांबवणं नसतंच. वहिनींचे पाय जागचे हलेनात. मग ओल्या चिखलातून उपटल्यासारखे एकेक पाऊल टाकत त्या टेबलाशी आल्या आणि त्यांनी मारलं. पेटीत ठेवलेला तो फटका टेबलावर आपटून म्हाताऱ्याच्या कानाजवळून भिंतीवर गेला.

"हा तिचा नव्हे," म्हातारा म्हणाला.

"नाही काका. हा माझा."

तो बाकावर बसला, पाणी प्याला. मग म्हणाला, "ते वाकणं तुला कुणी शिकवलं?"

"मी वाकले?"

"आमचं टेबल जिन्याखाली होतं. डोकं आपटायचं, म्हणून ती वाकायची. आठव्या वर्षी तिच्या प्रशिक्षकांनी मोडली ती सवय. कुठल्या फिल्ममध्ये नाहीये ते."

म्हाताऱ्याने बॅट टॉवेलात गुंडाळली, टोकं नीट आत खोचली.

"ती भेकड नव्हती," तो वहिनींकडे न बघता म्हणाला. "इतकं सोसून परत पाठवायला काय लागतं ते आज कळलं. तेवढंच सांगायला आलो होतो. ऐकलं असेल ना तिने?"

वहिनी निळ्या हातांनी कपाळावरचा घाम पुसत होत्या.

"ऐकलं," उत्तर आलं.

बोली कुठली होती, ते मी आणि मेंगने आजतागायत एकमेकांना विचारलेलं नाही.