पहिल्या हाकेला ओ

वर्गात मागच्या बाकांवरची मुलं नेहमी तक्रार करतात, "सर, ऐकू येत नाही." मी आवाज थोडा चढवतो आणि नकळत पुन्हा खाली आणतो. ही सवय मला कॉलेजात असताना लागली.

वडील गेल्यानंतरच्या पहिल्याच सुट्टीत मी कोल्हापूरहून घरी येत होतो. आमचं गाव खाडीपलीकडे. काठावर उभं राहून हाक मारली की तारी होडी घेऊन येई. त्या दिवशी मी हाक मारली, तर तो होडीत नुसता बसून राहिला. बराच वेळ. शेवटी आला तेव्हा त्याने मला जवळून न्याहाळलं.

"तू होय रे! तुझ्या बापाशीक ह्या खांद्यार मसणात न्हेलंय मी. आणि तोच पलतडीसून हाक मारता. होडी सोडू कशी?"

तो हसला. मग वल्हं मारता मारता हसू थांबलं. "शिकलेलो मनीस तू, हळू बोल. तिनसांजेक आवशीक हाक मारू नको."

संध्याकाळी आईला हाक मारायची नाही, हे मला पटलं नाही. माझा आवाज मला माझाच वाटत होता.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. आमच्याकडे त्या वेळेनंतर कोणी हाक मारली तर लगेच ओ देत नसत. गेलेलं माणूस एकदाच हाक मारतं आणि ओ देणाऱ्याला सोबत नेतं, म्हणून तिसऱ्या हाकेपर्यंत थांबायचं. दारापुढच्या खळ्यात पिशवी ठेवून मी सवयीने ओरडलो, "आये!"

आत पाट्यावर खोबरं वाटण्याचा आवाज चालू होता, तो थांबला. ओ आली नाही. दुसऱ्या हाकेलाही नाही. तिसऱ्या हाकेनंतर आई कंदील घेऊन बाहेर आली. तिने कंदील आधी माझ्या पावलांपाशी नेला, मग तोंडापाशी.

"अशी हाक मारू नको रे झिला," ती म्हणाली. "कधीतरी पयल्याच हाकेक ओ देयन मी."

त्यानंतर घरात मी हाक मारलीच नाही. काही हवं असलं की उठून तिच्याजवळ जायचं आणि हळू बोलायचं. उरलेला वेळ पुस्तकात. आईला ते बरं वाटत असावं. तिने कधी विचारलं नाही.

दोन वर्षांनी ती तापाने अंथरुणाला खिळली आणि एका दुपारी शुद्ध हरपली. शेजारची काकी तिच्या उशाशी होती. संध्याकाळी तिने देवाजवळ दिवा लावला आणि मला म्हणाली, "हाक मार तिका. झिलाची हाक आयकान डोळे उघडतली."

मी आईच्या कानाशी वाकून पुटपुटलो.

"ही काय हाक? शिकान शिकान जीभ गिळलंस? मोठ्यान मार!"

न मारावी तर ती तशीच जाईल, असं वाटत होतं. मारावी तर तिला कोण ऐकू येईल, हे मला ठाऊक होतं, काकीला नव्हतं. देवाजवळची वात तडतडली. मी हाक मारली.

"आये!"

"इलंय," आई म्हणाली.

डोळे मिटलेलेच होते. आवाज घाईचा, 'आले, आले' म्हणत हातातलं काम टाकून उठल्यासारखा. माझ्याशी ती कधी तशी बोलली नव्हती. तिचा हात पदर चाचपत होता.

"बघ, ओ दिल्यान!" म्हणत काकी पेज आणायला आत धावली.

मी तो हात धरून बसलो. काकी पेज घेऊन आली तेव्हा तो गार पडत चालला होता.