काकांनी देऊन टाकलेल्या वस्तू

लातुरात मला सांभाळलं ते माझ्या घरमालक काकांनी आणि काकूंनी. हे आधी सांगतो, बाकीचं मग. काकांइतका वेळ भिंतीकडं तोंड करून बसलेला माणूस सगळ्या मराठवाड्यात दुसरा नसेल. लेकाकडं जपानला गेलेली माणसं येताना कॅमेरे आणतात, काका एक गोल उशी आणि झेन ध्यान घेऊन आले. सकाळ-संध्याकाळ त्या उशीवर मांडी, पाठ ताठ, नाक भिंतीपासून हातभर. सुरुवातीला गल्लीला वाटलं, काका रुसले. शेजारच्या दोघीजणी समजूत घालायला आल्या, काकूंनाच दोष देऊन, चहा पिऊन गेल्या. काका हलले नाहीत.

दुःख ओढीतून येतं, असं काका सांगत. म्हणून ज्या वस्तूची ओढ लागली, ती ते देऊन टाकत. रेडिओ गेला, आरामखुर्ची गेली, आणि ऐन मे महिन्यात कूलर शेजाऱ्याकडं गेला. काकू पदरानं वारा घेत म्हणाल्या, “ओढ ह्यांची सुटली, घाम माझा सुटून राहिला.” शेजारून कूलरची घरघर सुरू झाली की ध्यानातल्या काकांची मान जराशी तिकडं वळते, हे मी स्वतः पाहिलंय.

मी धर्माबादकडचा. आठवीत शाळा सोडली, इथं डाळमिलमध्ये कामाला आहे. ही खोली सोडली तर ह्या शहरात माझं कुणी नाही, आणि काळजी करणं हा माझा स्वभावच. एका संध्याकाळी मिलमधून यायला उशीर झाला. काका दारात उभे होते. म्हणाले, “तुझी सवय लागली रे मला.” रेडिओबद्दलही ते असंच म्हणाले होते. मी गुपचूप पिशवी भरून ठेवली.

त्याच आठवड्यात मला कावीळ झाली. काकू पथ्याचं करून घालायच्या आणि काका भिंत सोडून माझ्या खाटेशी बसायचे. उशी माझ्या डोक्याखाली. जरा बरं वाटल्यावर मी विचारलंच, “काका, मला कधी देऊन टाकणार?”

काकांनी माझ्या डोक्याखालची उशी सारखी केली.

“लई बसून बघितलं,” ते म्हणाले. “सुटंना. ऱ्हा इथंच.”

“मग कूलर तरी परत आणा,” काकू आतून म्हणाल्या.

पिशवी मी रिकामी केली. कूलर अजून शेजारीच आहे. हल्ली काकांचे गुडघे दुखतात, उशीवरून उठताना भिंतीला हात लावावा लागतो. पुढं कधीतरी तेवढ्यानंही भागणार नाही. तेव्हा मी त्यांना दोन्ही हातांनी धरून भिंतीसमोर बसवीन, आणि झालं की उठवीन. तेवढं तरी माझ्याकडून फिटायला हवं.