सोयीचा बहिरा

बाबांचं 'सोयीचा बहिरा' हे नाव मामाने ठेवलं होतं, आणि मामाने ठेवलेली नावं माणसाला जन्मभर चिकटत. पुरावाही भक्कम होता. आई स्वयंपाकघरात नळाखाली भांडी धरून काही पुटपुटली, तरी बाहेरच्या खोलीतून बाबांचं उत्तर येई. तेच बाबा मामाकडे जेवायला गेले आणि टेबलाभोवती चार माणसं बोलू लागली की नुसते हसत, नाहीतर भलतंच उत्तर देत. मग हशा, आणि घरी आल्यावर आईचा अबोला. आपल्या माहेरच्या माणसांशी बोलायचं नाही म्हणून हे सोंग, अशी तिची पक्की खात्री होती. बाबांचं म्हणणं एकच, "आवाज येतो गं. शब्द लागत नाहीत."

यावर थोरल्या मुलीने विश्वास ठेवला, पण तोही अर्धामुर्धा. बाबांची उमेदीची वर्षं छापखान्यात यंत्रांच्या खडखडाटात गेली होती, तेव्हा कानांनी दगा दिला असेल असं तिला वाटे. श्रवणशास्त्र शिकायला लागल्याबरोबर तिने बाबांना धरून संस्थेतल्या ध्वनिरोधक खोलीत बसवलं. बारीक शीळ ऐकू आली की बटण दाबायचं. बाबांनी एकही शीळ सोडली नाही. निकाल आला, कान उत्तम. मामाला तर आयतंच कोलीत मिळालं. त्यानंतर बाबांनी तक्रार करणं सोडलं, आणि हळूहळू लोकांत जाणंही.

हे तिच्या मनाला लागलं. बरोबरीच्या मैत्रिणी दवाखाने थाटून बसल्या, आणि ही एकाच प्रश्नाच्या मागे हात धुऊन लागली. शांत खोलीत ज्याला सगळं ऐकू येतं, त्याला गलक्यात का येत नाही? उत्तर शोधणारी ती काही एकटी नव्हती. कानातल्या पेशी धडधाकट असतात, पण तिथून मेंदूकडे जाणारे तंतू मोठ्या आवाजाने झडलेले असू शकतात, असं दिसू लागलं होतं. शांततेत उरलेल्या तंतूंवर भागतं, गलक्यात ते कमी पडतात. जित्या माणसाचे तंतू कोण मोजणार? म्हणून तिने गलक्यातली परीक्षा तयार केली. उपाहारगृहातला कलकलाट आणि त्यात बुडवलेली साधी वाक्यं. ध्वनिमुद्रणासाठी वाक्यं वाचली आईने. ती प्राथमिक शाळेत शिकवायची, आणि तिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत खणखणीत पोचायचा.

परीक्षेला पहिले बसले बाबा. त्यांनी जवळजवळ सगळी वाक्यं बरोबर सांगितली.

थोरलीच्या पायाखालची जमीन सरकली. तिच्या विभागप्रमुख बाई एवढंच म्हणाल्या की घरच्या माणसांना प्रयोगात घेऊ नये. म्हणजे मामाच खरा? परतताना गाडीत बाबांनी विचारलं, "याही वेळी पासच झालो का?" पास झाल्याचं इतकं दुःख झालेला माणूस तिने पाहिला नव्हता.

मग बाबांचे छापखान्यातले जुने सोबती परीक्षेला बसले, आणि एकजात नापास झाले. त्याच यंत्रांशेजारी सारा जन्म काढलेली माणसं! मग बाबाच कसे सुटले? थोरली हे डोक्यात घोळवत घरी जेवत होती. आत नळ सुरू होता. आई काहीतरी पुटपुटली. थोरलीला त्यातलं अक्षरही कळलं नाही, आणि बाबा म्हणाले, "फळीवर आहे बघ, डाव्या हाताला."

हातातला घास हातातच राहिला. दुसऱ्या दिवशी तिने नवी वाक्यं केली. अर्धी आईकडून वाचून घेतली, अर्धी प्रमुख बाईंकडून. आईची वाक्यं बाबांनी पुन्हा घडाघडा सांगितली. बाईंच्या आवाजातली मात्र निम्मीही लागली नाहीत. पुढे कितीतरी जोडप्यांवर तिने हे करून पाहिलं. कुणाचा फरक कमी, कुणाचा जास्त, पण ओळखीचा आवाज मेंदू तुटक्या तुकड्यांवरूनही जोडून घेतो हे दिसलं. याच कामाने तिचं नाव झालं, हे ती आजही सांगते.

पण हे सगळं आधी आईला सांगायचं होतं. आईने भांडी पुसता पुसता ऐकून घेतलं. वाईट तिला फार वाटलं. "म्हणजे इतकी वर्षं ते खरंच सांगत होते," एवढंच म्हणाली, आणि पुसलेलंच भांडं पुन्हा पुसत राहिली.

पुढच्या वेळी मामाकडे बाबाही गेले. आईने नेहमीची भावजयीशेजारची जागा सोडली आणि बाबांजवळची खुर्ची ओढली. कोणी काही बोललं की ती तेच पुन्हा, साध्या आवाजात बोलायची. बाबा उत्तरं देऊ लागले, मध्येच एक विनोदही करून गेले. मामा म्हणाला, "बघा, आज सोय आहे वाटतं."

आईने तेही बाबांना जसंच्या तसं सांगितलं. मग भावाकडे वळून म्हणाली, "आहे ना. त्यांची सोय मीच आहे."