मावशीचा हिरवा रंग आणि सुलूचा समुपदेशक

आमची मावशी मॅचिंग सेंटरमध्ये शिरली की दुकानदार घरी फोन करून सांगतो, जेवायला थांबू नका. काल तिनं इतके हिरवे तागे उलगडायला लावले, की रानातले पोपट लाजून पांढरे झाले असतील. प्रत्येक तुकडा साडीला लावून ती बाहेर उन्हात नेऊन बघायची. "दिव्याखाली सगळंच जुळतं, भाऊ," ती दुकानदाराला म्हणाली.

माझ्या मस्तकात तिडीक गेली. कारण शेजारी तिची लेक सुलू उभी होती. पोटातलं बाळ गेल्यापासून सुलूला झोप नाही. मावशीनं शोधलेला समुपदेशक तिला दर वेळी वेळेचं नियोजन शिकवतो. दुसरं कुणी बघू, असं सुलू म्हणाली, तर हीच मावशी म्हणते, "एवढा मोठा माणूस तो. तूच जुळवून घे."

म्हणजे ब्लाउजपीस जुळलंच पाहिजे, आणि पोरीनं मात्र आपलं दुःख कातरून बेतात बसवायचं. असलं शहाणपण समुद्रात बुडवलं, तर समुद्रसुद्धा ओकून टाकील.

हे मी मोठ्यानंच बोलले. दुकानदाराची कात्री थांबली. "चारचौघांत काय हे?" मावशी पुटपुटली.

तेवढ्यात सुलूनं तिथूनच दुसऱ्या एका समुपदेशक बाईंना फोन लावला. "येण्याआधी एक विचारायचंय," ती म्हणाली, "बाळ गेलेल्या आईशी तुम्ही काय बोलता?"

पलीकडून काय उत्तर आलं, कोण जाणे. सुलू हळूच खाली बसली आणि बाळासाठी तिनं मनात ठरवलेलं नाव सांगू लागली. आम्हाला कुणालाच ते ठाऊक नव्हतं.