हौसरावमामांची काठी

वडगाव रासाईला भीमेच्या कोरड्या पात्रात दर उन्हाळ्यात टेनिस बॉलच्या मॅची व्हायच्या. हौसरावमामांनी जन्मात कधी बॅट धरली नाही, पण बाउंड्रीची फक्की पंधरा वर्षं त्यांनीच ओढली. सकाळीच काठी घेऊन ते पात्रात उतरायचे अन् पावलागणिक वाळूत खुपसत जायचे. वाळू उपसणाऱ्यांनी नदी आतून पोखरलेली. काठी जिथं भसकन आत जाई, त्याच्या दहा पावलं अलीकडं मामा फक्की ओढायचे.

"मामा, ग्राउंड दरसाल आकसतंय," पोरं कुरकुरायची.

"मला काय इचारता? ट्रकवाल्यांना इचारा!" मामा खेकसायचे.

दोन हजार दोनच्या दिवाळीत मामा गेले. पुढच्या मे महिन्यात हौसराव चषक भरला. स्कोअर लिहिणाऱ्या संपतनं मोठ्या भक्तिभावानं मामांच्या गेल्या सालच्या मापानंच फक्की ओढली, स्टंपापासून बरोबर साठ पावलं. मामांच्या काठीला हार घालून ती टेबलावर चषकाशेजारी ठेवली.

तिसऱ्याच ओव्हरला चेंडू उंच उडाला. संपतचा पुतण्या माऊली आभाळाकडं बघत, उलट्या पावलांनी फक्कीकडं सरकू लागला. संपतची नजर सहज काठीवर गेली. दरसाल या वेळेला तिचं टोक ओल्या वाळूनं माखलेलं असायचं.

आज ते कोरडं ठणठणीत होतं.

"माऊली, थांब!" संपत ओरडला. पण सगळं गाव "कॅच! कॅच!" करत होतं.