कांबळे गुरुजींच्या गाडीची जागा

आज थंडी आहे, पण ऊन कोवळं पडलंय अन् वारा न्हाई. लातुरात असा दिवस आला की आम्ही म्हातारी मंडळी खाली येऊन बसतो. बसलं की बोलणं निघतं, अन् बोलता बोलता किस्से साठत जातात. आमच्या बिल्डिंगचे तर निम्मे किस्से पार्किंगचेच.

ही बिल्डिंग ग्रीन म्हणून बांधलेली. गच्चीवर सोलर, खाली पाणी जिरवायचा खड्डा, अन् गाड्यांना जागा मुद्दाम कमी. बिल्डर म्हणायचा, गाड्या जितक्या कमी, तितके सर्टिफिकेटला मार्क जास्त. सगळ्यांनी माना हलवल्या. तेव्हा कुणाकडंच गाडी नव्हती.

मग एकेकाकडं गाड्या आल्या अन् जागेसाठी चिठ्ठ्या टाकायची पाळी आली. माझ्या पोराची चिठ्ठी निघाली. पुढं त्याची बदली नांदेडला झाली, गाडी तिकडं गेली. रिकाम्या जागेत मी माझी बाज टाकली.

खालच्या मजल्यावरचे रहीमचाचा म्हणाले, "आबा, कारच्या जागेत बाज लावणारा सगळ्या लातुरात तुम्ही एकटेच."

"हिला पेट्रोल लागत न्हाई, धूर बी न्हाई," मी म्हटलं. "हिला तर जादा मार्क पाहिजेत."

सायकलींना मात्र ऐसपैस जागा ठेवलेली. सायकल कुणाकडंच न्हाई, म्हणून बायका तिथं कुरडया वाळत घालायच्या. सर्टिफिकेटचे तपासणीवाले येणार कळलं तशी धावपळ झाली. ज्यानं त्यानं पाव्हण्यांच्या सायकली गोळा केल्या. एक तर उदगीरहून एसटीच्या टपावर बसून आली.

साहेबांनी नेमकी तीच हलवून बघितली. चाक फिरेना.

"ही कोण चालवतं?"

रहीमचाचांनी जन्मभर शिवणाची मशीन चालवली, सायकल कधी न्हाई. तेच पुढं झाले. "मैंच चलातूं साब. मगर आहिस्ता."

एकदा माझा मेहुणा देवणीहून पिकअपमधी वळू घेऊन बाजाराला निघालेला. वाटेत आमच्याकडं चहाला थांबला. वॉचमननं फाटकात अडवलं, "बाहेरची गाडी आत न्हाई." मेहुण्यानं गाडी रस्त्याला लावली, वळू खाली उतरवला, अन् दाव्याला धरून आत घेऊन आला. वॉचमन नियमाची पाटी बघत राहिला. पाटीवर वळूचं काहीच लिहिलेलं नव्हतं.

आता आमच्या समोरच्या दारातले कांबळे गुरुजी. झेडपीच्या शाळेतून रिटायर झाले अन् गाडी घेतली. त्यांच्या सगळ्या खानदानात पहिली. पण त्यांची चिठ्ठी निघाली न्हाई, अन् नवी गाडी रस्त्यावर ठेवायला जीव होईना. शेवटी गावातल्या सासूबाईंच्या अंगणात ठेवली. म्हातारी तिथं एकटीच राहते. गुरुजी रोज ऑटोनं गाडी पुसायला जायचे, दुपारी तिथंच जेवायचे, अन् ऑटोनंच परत यायचे.

कांबळेबाई म्हणायच्या, "माझ्या माहेरी सणाला यायला ह्यांना कधी सवड नव्हती. आता रोज जातात. गाडी असून ऑटोनं जातात."

तरी गुरुजींच्या मनात खंत होतीच. एक दिवस बाल्कनीतून खाली बघत म्हणाले, "आबा, सकाळचा चहा पिता पिता आपली गाडी दिसावी, एवढंच वाटतं. दुसरं काही न्हाई."

मला ते लागलं. पोराला फोन केला. तो म्हणाला, "जागा तुमचीच, बाबा." मी गुरुजींना सांगितलं, "उद्या गाडी हितं आणा. बाज काय, कुठं बी बसंल." त्यांनी नुसता माझा हात धरला.

काल दुपारी गुरुजी गाडी घेऊन आले. कांबळेबाई बाल्कनीत उभ्या. रहीमचाचांनी अन् मी बाज दोन्हीकडून धरली. गुरुजींनी गाडी जागेसमोर आणून उभी केली, पण आत घेईनात. काच खाली केली.

"निघताना सासूबाई फाटकापर्यंत आल्या होत्या," ते म्हणाले.

"काय म्हणाल्या?"

"इचारलं, उद्यापासून भाकरी किती टाकू?"

गाडी चालूच होती. गुरुजींनी समोरच्या भिंतीकडं जरा वेळ बघितलं, मग गाडी मागं घेतली, अन् काचेतून मान बाहेर काढून मला म्हणाले,

"आबा, बाज ऱ्हाऊ द्या तिथंच. मी जेवून येतो."