न दिलेली हाक

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशी नाही, कारखान्यातल्या जोडीदारांपाशी नाही. देवापुढं हात जोडतो तेव्हाही हे सोडून बाकीचं बोलतो. तुम्ही माझ्या ओळखीचे नाही, म्हणून तुम्हाला सांगतो आहे. ओळखीचे असता तर जीभ टाळ्याला चिकटली असती.

सुरुवात कुठून करू? माणूस असं काही सांगायला बसला, की आधी इकडचं-तिकडचं सांगतो. मीही तेच करणार. सांभाळून घ्या — नाही, सांभाळून नका घेऊ. नुसतं ऐका.

मी वाशिमाकडच्या रिठद गावचा. आता अजमेरला आहे, रेल्वेच्या कारखान्यात. इथं माझं मराठी ऐकणारं एरवी कुणी नाही. शाळा चौथीत सुटली, म्हणजे बापानंच सोडवली. माझी माय मी रांगत होतो तेव्हाच गेली. शेजारच्या घरातल्या काकूनं मला वाढवलं. तिचा मुलगा दौलत माझ्याच वयाचा. एका परातीत दोघांची भाकर कुस्करायची, आणि दूध कमी असलं की माझ्या बाजूला आधी ओतायची. हे आधी सांगतो, कारण पुढचं ऐकताना तुम्हाला ते आठवायला पाहिजे. मला तर ते रोजच आठवतं.

ज्वारी कणसात आली की आम्ही दोघं राखणीला जायचो. त्याचा माळा त्याच्या वावरात, माझा आमच्या. हातात गोफण. समोरची पाखरं ज्याची त्याला दिसत. पाठीमागून थवा उतरला तर कसा दिसणार? म्हणून ज्याला दिसेल त्यानं दुसऱ्याला हाक द्यायची, "पाखरूऽऽ!" हाक आली की वळून बघत बसायचं नाही, आधी गोफण मागं फिरवायची. दौलत कधी बघत नसे. माझी हाक आली म्हणजे पाखरू आलंच, एवढंच त्याला माहीत.

पुढं आम्ही दोघं वाशिमाला जिनात लागलो. कपाशीच्या गाड्या रिकाम्या करायच्या, रुई ओढायची. नाकातोंडात कापसाचं तूस जायचं, थुंकलं तरी पांढरं यायचं. तिथं एक फिटर होते, हैदराबादकडचे, सगळे त्यांना चाचा म्हणत. फुटबॉलचं वेड त्यांनीच आम्हाला लावलं. जिनामागच्या मोकळ्या जागेत, काळ्या मातीत, अनवाणी. बॉलच्या ब्लॅडरला इतकी ठिगळं, की पायानं मारला एकीकडं तर जायचा दुसरीकडं. चाचा म्हणायचे, "बॉल भी तुम्हारे सरीका है रे, सीधा चलताच नहीं."

आणि चाचांनी आम्हाला बोलायला शिकवलं. म्हणजे खेळताना बोलायला. लोकांना वाटतं, हा पायांचा खेळ. पायांचा आहेच, पण ज्याच्या पायात बॉल असतो तो बॉलकडं बघतो, त्याला दुसरं काही दिसत नाही. त्याच्या पाठीला डोळे लागतात, आणि ते डोळे म्हणजे त्याच्या मागचा गडी. मागच्यानं बोलत राहायचं. नाव घेऊन ओरडायचं नाही, नावानं काय कळतं? "सोड" म्हणजे तुझा नाही, माझा आहे, पाय काढ. "एकला" म्हणजे जवळ कुणी नाही, सावकाश घे. मांडीवर थाप मारली तर गुपचूप माझ्याकडं दे. आणि पाठीमागून कुणी अंगावर येत असेल तर — तर आमची वावरातली हाक. ती दौलतनंच आणली. "मागं" म्हटलं तर समोरच्या टीमलाही कळतं. "पाखरू" म्हटलं तर कळणार कुणाला? पहिल्या दिवशी सगळे हसले. महिन्याभरात सगळे तेच ओरडू लागले.

एकदा मी गंमत केली. मागं कुणी नसताना "पाखरू" ओरडलो. दौलतनं न बघता बॉल सोडून दिला, गोल हुकला. चाचांनी सगळ्यांसमोर माझ्या कानाखाली वाजवली. म्हणाले, "हाक झूठी दिया तो टीम मर जाती." खोटी हाक द्यायची नाही, हा नियम तिथून झाला. न दिलेल्या हाकेबद्दल कुणी काही ठरवलं नव्हतं. ठरवायचं कुणाला सुचलं असतं?

बघा, अजून मी त्या दिवसापाशी पोचलोच नाही. टाळतो आहे, हे मलाही कळतं आहे.

त्या दिवशी अकोल्याहून रेल्वेवाल्यांची टीम आली होती. पायात बूट. त्यांच्याबरोबर एक फोरमन आलेला — चांगला खेळणारा गडी दिसला की त्याला अजमेरच्या रेल्वे कारखान्यात लावून घ्यायचा, अशी त्याची ख्याती. सकाळी चाचांनी मला आणि दौलतला बाजूला घेतलं. त्यांनी आमची दोघांची नावं सांगितली होती. दोघांमधून एक जाईल, म्हणाले. पक्की नोकरी. जिनाचा हंगाम संपला की पुन्हा गावी जाऊन वावरात राबणं नाही.

दौलत हसत होता. "शिरप्या, मीच जाइन बे. तू तिकडं जाऊन माह्या मायच्या भाकरीसाठी रडशीन." मग माझ्या मानेवर थाप मारून म्हणाला, "पह्यले मी जातो, मंग तुले बलावतो. घाबरू नोको."

तो बोलावणार होता. मला शंका नाही. शंका असती तर आज थोडं हलकं वाटलं असतं.

दुपारी खेळ सुरू झाला. बैल सोडलेल्या गाड्यांवर बसून लोक बघत होते. धुरळा होता, पण दिसू नये इतका नव्हता. आरडाओरडा होता, पण ऐकू जाऊ नये इतका नव्हता. हे मी मुद्दाम सांगतो आहे. दौलत त्या दिवशी असा खेळला, की तो फोरमन खुर्चीवरून उठून उभा राहिला. मी मागं होतो, नेहमीसारखा त्याच्या पाठीचा डोळा. फोरमन कुणाकडं बघतो आहे, ते मला दिसत होतं. माझ्याकडं तो एकदाही बघत नव्हता.

मग बॉल दौलतकडं आला. तो थांबला, बॉलवर पाय ठेवला, अर्धा वळला. आणि डावीकडून तिरका एक बूटवाला धावत सुटला. उंच, जड अंगाचा. दौलतच्या पाठीमागून. मला तो पहिल्या पावलापासून दिसला. मधे कुणी नव्हतं.

मी श्वास घेतला. हाक देण्यासाठीच घेतला होता. तोंडही उघडलं.

आणि तो श्वास मी धरून ठेवला.

का? तुम्ही विचाराल. मीही विचारतो. मला त्याचा पाय मोडायचा होता का? नाही, असं म्हणायची फार इच्छा होते. पण त्या क्षणी एवढंच मनात होतं — बॉल जाऊ दे त्याचा. एकदा तरी हुकू दे. त्या फोरमननं एकदा तरी खाली बसावं. पुढचं मी बघितलं नव्हतं म्हणावं, तर अनवाणी पायावर बूट आल्यावर काय होतं, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

कपाशीच्या वाळलेल्या पराटीवर पाय पडावा तसा आवाज झाला.

दौलतला आम्ही रुईच्या ढिगावर नेऊन ठेवलं. ओठ पांढरे पडले होते. खेळ संपल्यावर कुणाची हाक चुकली, कुणाची ऐकली नाही, हे ज्यानं त्यानं सगळ्यांसमोर सांगायचं, अशी चाचांची रीत होती. बोललेलं खरं मानायचं, वर प्रश्न नाही. चाचा माझ्याकडं वळले. मी काही बोलायच्या आत दौलतच बोलला, दात आवळून — "देली असन त्यानं. म्याच आयकली नाई."

चाचांनी तरी विचारलं. "दिया था आवाज?"

मी म्हणालो, "हो."

एवढंच. एक अक्षर. चाचांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि फोरमनकडं मला घेऊन गेले.

हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या, पण पाय वाकडाच बसला. नांगरामागं चालणं संपलं. आणि दौलतनं गावभर सांगितलं, की त्याचा कान गेला आहे. शिरप्यानं हाक देली, अन् मले आली नाई — मग दुसरं कारण काय असणार? बसून करायचं काम म्हणून त्यानं पाटलाकडं राखण मागितली. पाटील म्हणाला, "ज्याले हाक आयकू येत नाई, त्याच्या भरवशावर वावर कसं सोडू?" दौलतला ते पटलं. तो घरी बसून अंबाडीचे दोर वळू लागला.

हे मला अजमेरला कळलं. मी चार वर्षं गावी गेलो नाही. रजा मिळत नाही, असं कळवत राहिलो. मिळत होती.

शेवटी गेलो. गल्लीच्या तोंडाशीच बूट काढून हातात घेतले. तो ओट्यावर पाठमोरा बसून दोर वळत होता. मला बघायचं होतं — आणि हे त्या दिवसापेक्षाही सांगायला जड जातं — त्याचा कान खरंच गेला आहे का, ते मला बघायचं होतं. गेला असावा, असं मी मनापासून मागत होतो. पायाची बोटं टेकत टेकत गेलो. तो मागं न बघता म्हणाला, "शिरप्या, चोरावानी काहून येऊन राह्यला बे?"

मी तिथंच उभा राहिलो. तो हसला, जागा करून दिली. इकडची थंडी कशी, जेवायला काय मिळतं, सगळं विचारलं. मग हातातला दोर थांबला.

"मले एक समजत नाई," तो म्हणाला. "उंदीर फिरला तरी आयकू येते मले. तुह्या पायाचा आवाज आला. मंग त्या दिवशी तुही हाकच काहून नाई आली?" माझ्याकडं बघितलं नाही. "तू देली होती नं?"

त्यानं दार उघडून ठेवलं होतं. इतकं उघडं दार पुन्हा कुणी ठेवणार नाही.

मी म्हणालो, "देली होती."

"मंग माहाच कान," तो म्हणाला, आणि पुन्हा दोर वळू लागला.

दिवेलागणीला काकूनं लसणाचं तेल गरम केलं. रोज घालत असे, त्याच्या कानात. मला म्हणाली, "तू तरी वरडला होता, बाप्पा. बाकीचे त नुसते पाहत होते." तिनं तेलाची वाटी माझ्या हातात दिली, कापसाचा बोळा बुडवला. दौलतनं मान कलती केली, डोळे मिटले. ती थेंब थेंब सोडत होती त्या चांगल्या, धडधाकट कानात, आणि तेल सांडू नये म्हणून मी वाटी नीट धरून उभा होतो.

हाक मी दिली नव्हती.